नक्की कोणती?

निवृत्त माणसाला सल्ला द्यायला आपल्याकडे कुणालाही परवाना लागत नाही. मी शाळेतून निवृत्त झालो त्या आठवड्यात निदान पंधरा जणांनी मला सकाळी फिरायला जायला सांगितलं. त्यातले बारा जण स्वतः रिक्षानं आले होते. उरलेल्या तिघांत आमच्या शेजारचे बँकसाहेब होते. ते मात्र नुसतं सांगून थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्यांनी बेल वाजवली आणि दार उघडताच माझ्या हातात एक दुर्बीण ठेवून म्हणाले, "चला मास्तर, पक्षी बघायला."

पक्ष्यांशी माझा तोवरचा संबंध बेताचाच होता. कावळा, चिमणी, पोपट आणि मोर हे चार पक्षी मला खात्रीनं ओळखता येत. त्यातला मोर ओळखण्याचा प्रसंग पुण्यात फारसा येत नाही. बगळा मी पाचवा धरत होतो. पण बगळ्यांतही चार-पाच प्रकार असतात हे कळल्यावर तो हिशेबातून वजा झाला. बँकसाहेबांची गोष्ट निराळी. चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहायची, हे काम त्यांनी बँकेत तीस-एक वर्षं केलेलं. त्यामुळे हा माणूस काहीही बघताना आधी संशयानं बघतो. आमच्याकडे चहाला आले तरी कपाकडे असे पाहतात, की हिला वाटतं, हा कप मागच्या वेळचा नव्हे हे यांनी ओळखलं की काय! त्यांच्याकडे सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आहे. 1941 साली निघालेलं ते पुस्तक पुढं कितीदा छापलं गेलं. साहेबांची प्रत मधल्या काळातली आहे, पण ती इतकी हाताळलेली की पहिल्या आवृत्तीच्याही आधीची वाटते.

तर आम्ही गेलो कवडीपाटला. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघालं की हे ठिकाण लागतं. अख्ख्या पुण्यानं जे जे टाकून दिलं ते ते पोटात घेऊन मुळा-मुठा तिथं येते. पाण्यावर फेस, काठाला प्लॅस्टिक, आणि वास असा की पहिल्या दिवशी मी दुर्बीण डोळ्यांऐवजी नाकाला लावावी या विचारात होतो. पण गंमत बघा, जिथं पुणेकर नाकाला रुमाल लावतो तिथंच पार युरोपच्या उत्तरेकडून आणि सैबेरियातून आलेले पाहुणे हिवाळाभर पंगत मांडून बसलेले असतात. ज्या घाणीत आपल्याला आपली लाज दिसते, तीत त्यांना किडे दिसतात. दृष्टिकोन म्हणतात तो हाच असावा.

त्या चिखलात एक मातकट पक्षी शेपूट खालीवर हलवत फिरत होता. आपल्या मैनेएवढाच, पण पाय लांब, चोच लांब, पोट पांढरं. साहेब म्हणाले, "तुतवार. पण कोणती? हिरवी, की ठिपकेवाली?"

मी नीट पाहिलं. हिरवं तर त्यात काहीच नव्हतं, ठिपके मात्र दिसत होते. मी पंचवीस वर्षं बहुपर्यायी प्रश्न काढलेला माणूस. म्हटलं, "ठिपकेवाली."

"हिरवी," साहेब म्हणाले.

इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. जी हिरवी नाही तिला हिरवी का म्हणायचं, हा माझा साधा सवाल होता. त्यावर साहेबांनी परतीच्या वाटेवर मला या दोन पक्ष्यांच्या नावांची जी कहाणी सांगितली, ती ऐकून सरकारदरबारी जन्मतारीख चुकलेल्या माणसालाही आपलं नशीब बरं वाटेल.

हिरवी तुतवार हिरवी नसते. पाठ गडद, काळपट तपकिरी. ऊन नेमकं पडलं तर तिच्यावर किंचित हिरवट झाक. पाय तेवढे हिरवट, पण ते बहुतेक वेळ चिखलात. अंगावर ठिपके तिलाही आहेत, फक्त बारीक. ठिपकेवालीचे ठिपके मोठे आणि उठावदार, इतकाच फरक. इंग्रजीत ठिपकेवालीला 'वुड सँडपायपर' म्हणतात, म्हणजे रानातली. पण ही रानातली बाई उत्तरेकडच्या उघड्या दलदलीत, बहुधा जमिनीवरच, घरटं करते. खरोखर रानात राहते ती हिरवी. चिखलात वावरणाऱ्या पक्ष्यांत सहसा न आढळणारी खोड तिला आहे: ती अंडी घालते झाडावर, तीही दुसऱ्या पक्ष्यांनी सोडून दिलेल्या जुन्या घरट्यात. कधी कबुतराच्या, कधी कस्तुराच्या, कधी तर खारीच्या. म्हणजे पागडी न देता जुनी जागा मिळवण्याची कला तिला साधलेली आहे. पिल्लं अंड्यातून बाहेर पडली, अंग सुकलं, की तिथून सरळ जमिनीवर उड्या टाकतात.

आणि ही इंग्रजांचीच चूक म्हणावी, तर शास्त्रीय नावांचा तोच प्रकार. दोन्ही पक्ष्यांना 1758 साली लिनीयस या स्वीडिश पंडितानं नावं दिली. दोन्ही पक्षी त्याच्याच देशात घरटी करणारे, म्हणजे घरचेच. हिरवीला त्यानं म्हटलं 'ऑक्रोपस'. या ग्रीक शब्दाचा अर्थ फिक्या पिवळ्या पायांची. पिवळसर पाय आहेत ते दुसरीचे! त्या दुसरीला त्यानं म्हटलं 'ग्लॅरिओला'. लॅटिनमध्ये 'ग्लॅरिया' म्हणजे खडी. ही तर चिखलातून आणि भातखाचरातून बाहेर यायला तयार नाही. म्हणजे हिरवी ती हिरवी नाही, रानातली ती रानात घर करत नाही, पिवळ्या पायांची म्हणून जिला लिहिली तिचे पाय हिरवे, आणि खडीवाली चिखलात उभी. आमच्या शाळेच्या हजेरीपुस्तकातसुद्धा एवढा घोळ नव्हता.

निदान त्या सकाळी मला तसं वाटलं.

घरी येऊन हे सगळं मी हिला उत्साहानं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "दोघी खातात काय?"

"चिखलातले किडे."

"दोघीही?"

"दोघीही."

"मग तुम्हाला फरक काय पडतो, ही असली काय नि ती असली काय?"

हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही. मी त्यावर दुपारभर विचार केला. म्हणजे आडवा झालो. संध्याकाळी वाण्याकडून आंबेमोहोर आणला, तर तिनं पिशवी उघडून चार दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाली, "हा आंबेमोहोर नाही. परत देऊन या."

मी म्हटलं, "सारखेच तर दिसतात."

"तुम्हाला दिसतात," ती म्हणाली. "वाण्याला नाही दिसत. म्हणून तर तुम्हाला दिला."

मला त्या रात्री दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, जगात 'सारखंच आहे हो' म्हणणाऱ्या माणसांच्या जिवावर पुष्कळांचे संसार चालतात. आणि दुसरी, माणसाला ज्या गोष्टीशी कर्तव्य असतं तिच्यातले फरक त्याला दिसतात. जिच्याशी नसतं ती सगळी 'सारखीच'. हिला तांदळात दिसतात, साहेबांना सहीत आणि पक्ष्यात दिसतात. मला कशात दिसतात, हा हिशेब मी तेव्हा मांडला नाही. पुढं तो आपोआप मांडला गेला.

साहेबांनी मग मला रीतसर शिकवायला घेतलं. ते म्हणाले, "मास्तर, खोटी सही पकडायची तर आधी कुठं बघतात? सुरुवातीला नाही. पहिलं अक्षर सगळेच झोकात काढतात. शेवटचा फाटा बघायचा. नक्कल करणारा तिथं दमतो." तुतवारीचंही तेच. दोघींच्या चोचीपासून डोळ्याकडे एक पांढरी रेघ जाते. हिरवीची रेघ डोळ्यापाशी संपते. ठिपकेवालीची डोळा ओलांडून मागं जाते, एखाद्या नटीनं भुवई लांबवावी तशी. पक्षी उडाला, तर दोघींची कंबर पांढरी, तिथं फसायला होतं. म्हणून पंखांची खालची बाजू बघायची. हिरवीची काळपट, ठिपकेवालीची फिकी. ठिपकेवालीचे पाय उडताना शेपटीच्या मागं लांब दिसतात, हिरवीचे जेमतेम. वजनात हिरवी साधारण पाऊणशे-ऐंशी ग्रॅमची, दुसरी तिच्याहून दहा-पंधरा ग्रॅमनं हलकी. पण हे पक्ष्याला तराजूत बसवल्याशिवाय उपयोगाचं नाही. स्वभावही वेगळे. हिरवी एकलकोंडी, एखाद्या ओहोळाच्या कोपऱ्यात एकटीच; बिथरली की मोठ्यानं शीळ घालत सरळ आभाळात. ठिपकेवाली जरा माणसांतली: चार-सहा मैत्रिणींबरोबर भातखाचरात, आणि ओरडणं 'चिफ-इफ-इफ' असं घाईचं.

महिन्याभरात मला बऱ्यापैकी जमू लागलं, आणि थोडं जमू लागलं की माणसाला जे होतं ते मलाही झालं. पक्षी दिसायच्या आत मी नाव सांगू लागलो.

एका सकाळी काठावरून एक तुतवार उडाली. क्षणभर पांढरी कंबर दिसली, आणि मी म्हटलं, "हिरवी!"

साहेबांनी वही उघडली. त्यांची वही म्हणजे बँकेची खतावणी. तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या. पेन टेकवून ते माझ्याकडे बघत म्हणाले, "नक्की?"

बस्स, एवढंच. ते काही दटावून म्हणाले नाहीत. चेकवर सही करणाऱ्या गिऱ्हाईकाला तीस वर्षं जसं विचारलं तसंच विचारलं. पण मी 'नक्की' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द घशातच राहिला. कारण तो शब्द तसाच, त्याच रुबाबात, मी पूर्वी एकदा उच्चारलेला होता.

ती गोष्ट 1979 सालची. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शिकवत होतो. माझ्या वर्गात दोन भाऊ होते. एका वर्षाच्या अंतराचे, पण थोरला एकदा नापास झाल्यामुळे एकाच वर्गात आलेले. एकाच ताग्यातल्या कापडाचे सदरे, एकाच न्हाव्यानं एकाच बैठकीत कापलेले केस, तेच किडकिडीत पाय. हजेरीत ते दोन होते, पण माझ्या लेखी दीड. मी दोघांनाही आडनावानंच हाक मारत असे. जो उठेल त्याला प्रश्न विचारत असे. वर्गात साठ मुलं होती हे खरं आहे, पण ती सबब मी आज पुढं करत नाही. कारण बाकीच्या अठ्ठावन्नांपैकी हुशार आठ आणि वांड दहा मला मागून चालीवरूनही ओळखू येत. हे दोघे ना हुशार होते ना वांड. त्यांच्याशी माझं काही अडलेलं नव्हतं.

एका दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीची काच फुटली. मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होतो. दगड मारून पळणारा मुलगा मी पाहिला, सदरा ओळखला. मुख्याध्यापकांनी विचारलं, "दोघांपैकी कोण?" आता, मास्तरांना माहीत नाही असं म्हणायची आमच्या काळी पद्धत नव्हती. मी म्हटलं, "धाकटा." त्यांनी विचारलं, "नक्की?" आणि मी म्हटलं, "नक्की."

धाकट्याला सहा छड्या मिळाल्या, आणि रायगडच्या सहलीतून त्याचं नाव कापलं. पोरगं काही बोललं नाही, रडलंही नाही. मी शिक्षकांच्या खोलीत म्हणालो होतो, "बघा, कबूल आहे म्हणून गप्प आहे." न बोलण्याचा अर्थ लावण्यात आम्ही मास्तर लोक फार पटाईत.

पुढं वीस-बावीस वर्षांनी एका लग्नात एक गृहस्थ माझ्या पाया पडले. "सर, ओळखलंत का?" मी आडनाव बरोबर सांगितलं, तिथवर माझी गाडी येते. मग विचारलं, "तू थोरला की धाकटा?" तो हसला. म्हणाला, "धाकटा. सर, ती काच मी नव्हती फोडली." अगदी हसत हसत म्हणाला, जिलबी वाढून घेता घेता. "दादानं फोडली होती. तो डावखुरा. दगड डाव्या हातानंच मारला असणार त्यानं."

डावखुरा! वर्षभर ते पोरगं माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर डाव्या हातानं लिहीत होतं. शेजारच्याच्या कोपराला त्याचं कोपर लागायचं म्हणून मी त्याला कडेला बसवलं होतं, मीच! आणि दगड मारणारा हात मी डोळ्यांनी पाहिला होता. तो डावा होता की उजवा, हे मला त्या क्षणीसुद्धा आठवलं असतं. कुणी विचारलं असतं तर. मी स्वतःला विचारलं असतं तर.

"मग तू बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलणार सर? मी नाही म्हटलं तर दादा, असंच झालं असतं ना. आणि तुम्ही नक्की म्हणालात."

त्या लग्नातली जिलबी मला आठवत नाही. घरी येऊन मी ही गोष्ट हसण्यावारी नेली. माणूस हसत सांगतोय म्हणजे विसरलाय, असा आपण सोयीचा अर्थ काढतो. पण जो पस्तिशीच्या उंबऱ्यात, दुसऱ्याच्या लग्नात, पहिल्या पाच वाक्यांत सांगतो, तो विसरलेला नसतो. हे मला कळलं ते साहेबांनी नदीकाठी 'नक्की?' विचारल्यावर. म्हणजे लग्नानंतरही कितीतरी वर्षांनी. सावकाश समजणाऱ्या मुलांना मी काय काय बोललो असेन!

"मास्तर, लिहू का हिरवी?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, "पंखाची खालची बाजू दिसली नाही. कंबर दोघींची पांढरी."

"मग?"

"मग मला माहीत नाही."

साहेबांनी शांतपणे 'तुतवार, जात अनिश्चित, एक' असं लिहिलं. म्हणाले, "पक्षीगणनेत असं लिहायची सोय असते. चुकीची नोंद घालण्यापेक्षा ही बरी. आमच्याकडेसुद्धा सही जुळत नाही असा शेरा मारून चेक परत करता येतो. गिऱ्हाईक चिडतं, पण कुणाचे पैसे बुडत नाहीत."

तेव्हापासून मी या प्रश्नाशी झटतो आहे. माणसानं एकाला दुसऱ्यापासून वेगळं ओळखावं कशासाठी? हिनं विचारलं होतं तेच. पक्ष्याला तर काहीच फरक पडत नाही. हिरवीला मी ठिपकेवाली म्हटलं तर ती मानहानीचा दावा लावत नाही. लिनीयसनं अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी तिला पिवळ्या पायांची म्हटलं, तरी तिचे पाय आहेत तसेच आहेत. मग हा खटाटोप नुसता हौशी माणसांचा मिजास म्हणायचा का?

मला विचाराल तर, पक्ष्याला फरक पडत नाही हीच यातली मोठी सोय आहे. ज्या जागी चुकलं तरी कुणाला छडी बसत नाही, तिथं नीट बघायची सवय लावून घ्यावी. मी ती सवय उलट्या जागी केली. आधी पोरांवर हात चालवला आणि मग पक्ष्यांवर डोळे.

तुम्ही म्हणाल, अहो, जग काही तुमच्या त्या वहीसारखं नाही. डॉक्टरला औषध द्यावं लागतं, न्यायाधीशाला निकाल द्यावा लागतो, मास्तराला वर्ग सांभाळावा लागतो. प्रत्येकानं 'जात अनिश्चित' असा शेरा मारून घरी जायचं म्हटलं तर गाडा चालायचा कसा? हे अगदी खरं आहे. मी स्वतः हा युक्तिवाद स्वतःला पुष्कळ वेळा ऐकवला आहे, विशेषतः रात्री झोप येत नाही तेव्हा. शंभर टक्के खात्री होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर माणूस मंडईतून वांगीसुद्धा आणणार नाही.

पण मग कुठं थांबायचं नि कुठं नाही? मला एवढंच सुचतं, की 'नक्की' म्हणण्याआधी त्या शब्दाची किंमत कोण भरणार ते बघावं. वांग्याची मी भरतो. कीड निघाली तर माझ्याच पानात. तिथं खुशाल नक्की म्हणावं. तुतवारीची कुणीच भरत नाही. काचेच्या बाबतीत मी नक्की म्हणालो आणि किंमत एका बारा वर्षांच्या मुलानं भरली, सहा छड्या आणि एक रायगड. माझ्या खिशातून काय गेलं? काही नाही. उलट मुख्याध्यापकांचं माझ्याविषयीचं मत चांगलं झालं. दुसऱ्याच्या खर्चानं आलेली खात्री फार लवकर येते, हे मी आता ओळखतो. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं वर्गातली छडी गेली, ते उत्तम झालं. पण 'नक्की' हा शब्द अजून मास्तरांच्या हातातच आहे, आणि तोही लागतो.

आणि 'सारखेच' या शब्दाचं काय? पूर्वी मला वाटे की 'सारखेच' म्हणणारा माणूस उदार असतो, आणि 'नक्की' म्हणणारा करारी. आता वाटतं, हे दोन्ही शब्द एकाच आळसाची पिल्लं आहेत. आधी सारखेच म्हणून बघायचं टाळायचं, आणि मग कुणी विचारलं की न बघताच नक्की म्हणायचं.

या सगळ्यात एक गंमत राहिलीच. साहेब या दोन तुतवारींना कायम 'सख्ख्या बहिणी' म्हणत. एके दिवशी त्यांची नात, जी जीवशास्त्र शिकते, तिनं त्यांना सांगितलं, की आजोबा, 2005 साली या साऱ्या गोतावळ्याच्या जनुकांची तुलना झाली आणि त्यात या दोघी सख्ख्या निघाल्या नाहीत. हिरवीची खरी बहीण अमेरिकेत आहे. 'सॉलिटरी', म्हणजे एकलकोंडी, असंच तिचं नाव. आणि तीही उत्तरेकडच्या रानात झाडावरच्या जुन्या घरट्यांतच अंडी घालते. तिची कंबर मात्र पांढरी नाही. ठिपकेवालीचं जवळचं नातं आहे ते लाल पायांच्या टिलव्याशी, जो तिच्यासारखा फारसा दिसत नाही. म्हणजे ज्या सारख्या दिसतात त्या चुलत, आणि सख्ख्या आहेत त्या वेगळ्या दिसतात.

मला वाटलं, साहेबांना धक्का बसेल. वीस वर्षं ते सख्ख्या बहिणी म्हणत आले होते. पण त्यांनी वही काढली, पहिल्या पानावर 'सख्ख्या' या शब्दावर एक सरळ रेघ मारली, वर 'चुलत' लिहिलं आणि बँकेच्या रिवाजाप्रमाणे खोडलेल्या जागी छोटी सही केली. म्हणाले, "नोंद दुरुस्त करायला लाज कसली? खाडाखोड लपवली तर लाज."

त्या छोट्या सहीचा मला फार हेवा वाटला. माझ्या 1979 सालच्या नोंदीवर अशी सही करायला जागा कुठं आहे? ते हजेरीपुस्तक केव्हाच वाळवीनं खाल्लं असेल, मुख्याध्यापक वारले, आणि रायगड तिथंच असला तरी तेव्हाची सहल गेली ती गेली. मी धाकट्याला पत्र लिहिलं. चार ओळींचं. त्यात 'त्या दिवशी मी नीट पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं म्हणालो' एवढंच कामाचं वाक्य होतं, ते लिहायला तीन दिवस लागले. त्याचं उत्तर आलं नाही. पण दिवाळीत फोन आला.

आता त्या दोघा भावांची गंमत अशी, की मोठेपणी त्यांचे चेहरे पुष्कळ बदलले आहेत म्हणे, पण फोनवर आवाज अगदी एकसारखा. हे मला आधी ठाऊक नव्हतं. फोन उचलला तर पलीकडून, "सर, नमस्कार. ओळखलंत का?"

पत्र मी धाकट्याला लिहिलं होतं, तेव्हा फोन धाकट्याचाच असणार. 'धाकटा ना रे?' हे शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते. समोर ही उभी होती, खिडकीतून शेजारचे साहेब झाडाला पाणी घालताना दिसत होते.

मी म्हटलं, "नाही रे बाबा. तूच सांग."

"थोरला, सर," पलीकडून आवाज आला. "तुमचं पत्र त्यानं मला वाचून दाखवलं. काचेचं मला तुम्हाला सांगायचं होतं, बरीच वर्षं."